तीन फर्मची मालकीण

"तुमच्या मालकीचा एखादा व्यवसाय आहे का?" अनुयाने टॅबवरचा पहिला प्रश्न दिपिकाला विचारला.

"एक? तीन हायेत, लिवा." उत्तर दिलं दिपिकाच्या नवऱ्याने, सोफ्यावर पसरलेल्या केतनने.

कोणत्या देशात किती लोक नवे धंदे काढतात, त्यात बायका किती, याची अनेक देशांत एकाच वेळी पाहणी चालली होती. पनवेलमधली वीस घरं अनुयाच्या वाट्याला आली होती. जिचं नाव यादीत असेल, उत्तर तिनेच द्यायचं, असा नियम होता. तो तिने आल्या आल्या दोनदा सांगितला होता. केतन दोन्ही वेळा "हो, हो" म्हणाला आणि तिथेच बसून राहिला.

"फर्मची नावं सांगाल, दिपिकाताई?"

दिपिकाने दोन सांगितली. एक भरावाची माती पुरवायची, दुसरी मजूर. तिसरीचं नाव तिला आठवेना.

"अगं, परवाच सही केलीस ना!" केतन हसला. "मॅडम, बाईच्या नावावर असलं की काम लवकर भेटतं. ही नुसती सही करते. लय नशीबवान हाय."

बनियनमध्ये हात घालून तो पोट खाजवत हसत राहिला. त्याच बोटांनी त्याने काजूची बशी पुढे सरकवली. अनुयाला शिसारी आली. पण हा बिथरला तर फॉर्म अर्धवट राहील म्हणून तिने एक काजू उचलला, तोंडात टाकला, आणि मग तिला स्वतःचीही शिसारी आली.

"तुम्ही स्वतः सुरू केलेला व्यवसाय कुठला?"

"तांदळाच्या भाकऱ्या," दिपिका पटकन म्हणाली. "रोजच्या चाळीसपासून चालू केल्या. दोन बाया ठेवल्या हाताखाली. दोनशेवर गेल्या तवा..."

"ते नका लिवू. बंद केलं मी ते. शेगड्या भंगारात दिल्या." केतनचा आवाज चढला. "सकाळपासून दारात गर्दी. जो तो इचारतो, दिपिकाताईंचं घर कुठलं? माझं घर हाय ते!"

टॅबवर फक्त चालू धंद्यांसाठी रकाने होते. तिन्ही फर्म तिच्या नावावर नीट बसल्या. भाकऱ्या लिहायला जागाच नव्हती.

"येत्या वर्षभरात नवा व्यवसाय सुरू करायचा विचार आहे?"

"हाय," दिपिका म्हणाली. "एसटी स्टँडच्या मागं गाळा बघून ठेवलाय. भाकऱ्यांचाच."

केतनचा पुन्हा पोटाकडे गेलेला हात तिथेच थांबला. "नाय म्हणून लिवा, मॅडम."

अनुयाने 'हो' दाबलं. केतनला टॅब दिसू नये म्हणून तो जरासा कलता धरला आणि घाईघाईने पुढचा प्रश्न वाचला.

"शेवटचंच. धंदा बुडेल या भीतीने तुम्ही तो सुरू करायचं टाळाल का?"

"भीती कसली?" केतन उसळला. "मी हाय ना पाठीशी!"

दिपिकाने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती अनुयाच्या जवळ सरकली.

"बुडायची भीती नाय, ताई. चालला तर हे काय करतील, त्याची वाटते. तसं काय इचारलंय का त्यात?"