वैद्यबुवा

पाचही जण मेले तेव्हा रविवार दुपारचे सव्वातीन झाले होते. आधी कमलेश पडला, मग बंगळुरूचे दोघे, मग राजरत्न. या सगळ्यांना जिवंत ठेवायचं काम ज्याचं, तो सुधीरचा वैद्यबुवा शेवटी एकटाच उरला. गुहेतल्या राक्षसाने त्याला एका फटक्यात संपवलं. डोंबिवलीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सुधीरने माऊसवरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

प्लास्टर निघून चार दिवस झाले होते. रिक्षा उलटली त्याला दोन महिने. मनगट अजून पुरतं वळत नव्हतं.

गेम वीस वर्षांपूर्वीचा. कॉलेजात असताना पाचही जण सायबर कॅफेत बसून तो खेळायचे. मग कंपनीने तो सोपा आणि चकचकीत करत नेला, तसा एकेकाचा सुटला. आता कुणीतरी तोच गेम जुन्या रूपात, जुन्या अडचणींसकट पुन्हा सुरू केला होता. पाचांनी पहिल्या लेव्हलपासून सुरुवात केली. दर रविवारी तीन वाजता. हेडफोनवर बोलायचं नाही, तेव्हासारखं टाईपच करायचं, हा कमलेशचा नियम.

खालच्या चौकटीत कमलेशची ओळ उमटली. "काय रे सुधीर, झोपेत आहेस का आज?"

"हात दुखतोय," सुधीरने लिहिलं.

"दोन महिने डाव्या हाताने खेळलास तेव्हा नाही दुखला तो. गेल्या रविवारी हाच राक्षस पाडला आपण. एक जण मेला नाही."

सुधीरने ती ओळ दोनदा वाचली. दोन महिने त्याने गेमला हात लावला नव्हता. अपघातानंतरच्या पहिल्या रविवारी, दुपारच्या गोळ्या घेऊन झोपताना, तो बायकोला एवढंच म्हणाला होता, की तीन वाजता लॉगिन करून त्यांना कळव, मला जमणार नाही म्हणून.

मग राजरत्नची ओळ आली. ती इतरांना दिसणारी नव्हती, फक्त त्याच्यासाठी होती. "तू म्हणालेलास तसं केलं. काल मोहन्याला गेलेलो, ताईकडे. नऊ वर्षांनी. दार तिनेच उघडलं."

राजरत्नला बहीण आहे, हे सुधीरला माहीत नव्हतं.

तो उठून हॉलमध्ये आला. मृणाल डायनिंग टेबलावर नववीचे पेपर तपासत बसली होती.

"तू त्यांना कळवलंच नाहीस?"

तिने पेन खाली ठेवलं नाही. "कळवणारच होते. टाईप करत होते तेवढ्यात सगळे गुहेत शिरले आणि राजरत्नने लिहिलं, वाचव. कुणी वाचव म्हटल्यावर उठून कसं जायचं?"

"आणि पुढचे सगळे रविवार?"

"तू झोपलेला असायचास."

"मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर शेजारी खुर्ची टाकून बसला असतास. हे दाब, ते दाब."

सुधीरने टेबलाच्या कडेला आलेला पेपरांचा गठ्ठा आत सरकवला.

"राजरत्न बहिणीकडे जाऊन आला," तो म्हणाला.

आता मात्र तिने पेन ठेवलं. "खरंच? दार उघडलं तिने?"

"तिनेच उघडलं म्हणतोय."

मृणाल आत गेली आणि वाकून ती ओळ वाचली. मग तिथेच, टेबलाची कड धरून, पुन्हा वाचली.

"तूच लिही त्याला," सुधीर म्हणाला.

"तुझ्या नावाने?"

"नको."

ती खुर्चीवर बसली. दोन्ही हातांनी भराभर टाईप केलं. "राजरत्न, मी मृणाल, सुधीरची बायको. दोन महिने मीच खेळत होते. आधीच सांगायला हवं होतं. चुकलं माझं."



"वहिनी?" राजरत्नने लिहिलं. आणि मग, "तरीच. सुधीर असं कधी काही विचारत नाही."

मृणालने मान वळवली नाही. सुधीर मागे उभा राहून वाचतोय, हे तिला कळत होतं.

कमलेशला यातलं काही ठाऊक नव्हतं. सगळ्यांच्या चौकटीत त्याने लिहिलं, "चला, पुन्हा आत. वैद्यबुवा, तयार?"

"तू जा," सुधीर म्हणाला.

"अरे, पण वैद्यबुवा तुझा आहे. वर्षभर खपलायस त्याच्यावर."

"जा गं. थांबलेत ते."

तो उर्वीच्या खोलीत गेला. मुलगी क्लासला गेली होती. तिचा जुना लॅपटॉप कपाटातून काढून त्याने चार्जिंगला लावला. गेम इतका जुना, की त्यावरही चालला. नवीन पात्राचं नाव विचारल्यावर त्याने स्वतःचंच टाकलं. गावाबाहेरच्या रस्त्यावर पहिल्या लेव्हलचा एक माणूस काठी घेऊन उभा राहिला. आजूबाजूला कोणी नव्हतं. दूरवर दोन रानडुकरं चरत होती.

पलीकडच्या खोलीतून मृणालच्या बोटांचा आवाज येत होता. न थांबता.

सुधीरने राजरत्नचं नाव शोधलं. चौकट उघडली. 'मी सुधीर' एवढं एका बोटाने लिहिलं आणि तो अडला.

"मृणाल," त्याने हाक मारली, "राजरत्नच्या ताईचं नाव काय गं?"

"सुजाता!" ती पलीकडून ओरडली. "आणि आता मध्ये बोलू नकोस. कमलेश मरतोय."