दुसरी किल्ली

"एकीच्या गादीखाली सगळ्यांचं ठेवू नको गं, सरोजिनी. मी ठेवलं, ते चुकलं. एक कपाट कर, साधंसुधं. कुलपाला किल्ल्या दोन. एक तुझ्याकडे, एक दुर्गाकडे. म्हण, हो."

गोदावरीबाईंनी धाकट्या जावेच्या तळहातावर तुळशीचं पान ठेवून हे सांगितलं होतं. सरोजिनी 'हो' म्हणाली होती. त्याच आठवड्यात गोदावरीबाई गेल्या.

आज कपाट आलं. रॉकेलच्या जुन्या खोक्यांच्या फळ्यांना रंधा मारून खुशालराव सुताराने ते जमवलं होतं. शिवण मंडळाच्या खोलीत, भिंतीपासून वीतभर सोडून, त्याने ते उभं केलं. पायांखाली डबडी सरकवली आणि वाळवी चढू नये म्हणून त्यांत पाणी ओतलं.

"पानी आटू देऊ नका, बाई," तो म्हणाला. "आपली अकोल्याची उधई सागाले सोडत नाही, हे तर खोकं हाये."

तो गेल्यावर मंडळातल्या केशरबाईंनी नाकाला पदर लावला. "रॉकेलचा वास येऊन राहिला. यातले झगे घालून पोरी शाळेत जातीन का कंदील होतीन?"

शेजारी बसलेल्या पार्बताबाई खळखळून हसल्या. सरोजिनीला हसू आलं नाही. इतक्या दिवसांत रडूही आलं नव्हतं.

कपाट रिकामंच होतं. मंडळाचे सगळे फर्मे, म्हणजे वर्तमानपत्रातून कापलेले झग्यापोलक्यांचे आकार, गोदावरीबाई आपल्या घरी गादीखाली ठेवत. कागदाला घडी पडत नाही, म्हणून. त्या गेल्या तेव्हा रिवाजाप्रमाणे त्यांचं अंथरूण गुंडाळून मोर्णा नदीच्या घाटावर जाळायला नेलं. पुरुषमाणसं गादी उचलत होती, तेव्हा कडेने कागदाची एक बाही लोंबत होती. सरोजिनीने ती पाहिली. तरी गादी जाऊ दिली. आत काही हललंच नाही.

पंधरा ऑगस्टच्या आत मुलींच्या शाळेचे झगे द्यायचे होते. नाही दिले, तर काम बाजारातल्या शिंप्याकडे जाणार आणि मंडळाच्या दाराला कडी लागणार, हे तिघींनाही ठाऊक होतं.

"दुर्गीपाशी हायेत ना सगळे फर्मे," पार्बताबाई म्हणाल्या.

दुर्गाबाई मंडळातलीच, पण बाहेर ओसरीवर बसून शिवायची. ओसरीवर उजेड बरा, असं सगळ्या म्हणत. त्या उजेडासाठी आतली कुणी बाहेर येऊन बसल्याचं मात्र आठवत नाही. छप्पन साली तिच्या वस्तीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तरी तिची जागा तीच राहिली. बाकीच्या जणी गोदावरीबाईंच्या घरून फर्मा नेत आणि काम झालं की परत देत. दुर्गासाठी तो पायरीवर ठेवला जाई. ती त्यावर आपला कागद पसरून तसाच दुसरा कापून घेई आणि मूळ तिथेच सोडून जाई. मग गोदावरीबाई त्यावर पाणी शिंपडत आणि आत नेत. मंडळाच्या फर्म्यांवर म्हणूनच थेंबांचे गोल डाग असत.

गोदावरीबाई गेल्या आणि काम थांबलं, तेव्हापासून दुर्गा आली नव्हती. तिला कुणी बोलावलंही नव्हतं. तिचं हातमशीन ओसरीवर फडक्याखाली झाकलेलं होतं.

"निरोप धाडू तिले," केशरबाई म्हणाल्या. "दुर्गी पायरीवर ठेवून जाईन. इथं कपाटात मांडले का झालं."

"दुसरी किल्ली तिची आहे," सरोजिनी हळूच म्हणाली.

"किल्ली? कावून? फर्मे घ्या ना! किल्ली दिली म्हणजे सकाऊन येऊन आत शिरंन ते. इथं देवीची तसबीर हाये."

"गोदावरीवहिनींनीच सांगितलं."

"दुखण्यातलं बोलणं ते. अन् तुमी तर देवाधर्माच्या, बाई. चातुर्मास पाळता, पायात चप्पल घालत नाही. तुमाले आमी काय सांगावं?"

सरोजिनी कपाटाकडे वळली. सकाळपासून पोटात तुळशीच्या तीर्थाखेरीज काही नव्हतं, आणि भूक लागली आहे की नाही हेही तिला समजत नव्हतं. नेम तेवढा एकही चुकला नव्हता. नेमाला मन लागतंच असं नाही, हे तिला या दिवसांत कळलं होतं. हात आपले करत राहतात.

तिने कुलपाची दुसरी किल्ली सुटी केली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. मग ओसरीवर जाऊन दुर्गाचं मशीन फडक्यासकट उचललं, छातीशी धरून आत आणलं आणि कपाटाशेजारी, खिडकीखाली ठेवलं.

केशरबाईंनी लुगड्याचा घोळ आवरून घेतला. "अवं बाई, हे काय करून राहिल्या तुमी?"

"इथे उजेड बरा आहे," सरोजिनी म्हणाली.

पार्बताबाई आता हसत नव्हत्या. त्यांनी केशरबाईंकडे पाहिलं, मग मशीनकडे, आणि आपली बसायची गोणपाटाची पट्टी जराशी बाजूला ओढली. मशीनपासून दूर की मशीनला जागा करून देण्यासाठी, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

ओसरीवर मशीन होतं तिथे धुळीत एक स्वच्छ चौकोन उरला होता. सरोजिनीने त्याला वळसा घातला नाही. त्यावरच अनवाणी पाऊल ठेवून ती पायऱ्या उतरली, आणि काळ्या चिखलातून दुर्गाच्या वस्तीच्या वाटेला लागली.