धावणारी खोली

खोक्यातून बाहेर न आलेले नवे बूट. पलंगावर सूर्यफुलाच्या बियांची टरफलं. घामाने निथळणारा एकच शर्ट.

चीनमधल्या चांगशा शहरातल्या त्या हॉस्टेलच्या खोलीत, सत्राच्या शेवटच्या दिवशी, चौघांचंही एकेक धावणं बाकी होतं. धावल्याची नोंद सोबत नेलेल्या मोबाइलवरच व्हायची. ती राहिली की व्यायामात नापास.

"आम्ही केव्हाचे तयार आहोत रे! पण कुआंग, तू जातोच आहेस तर..." म्हणत तिघांनी आपापले मोबाइल त्याच्या खिशांत कोंबले. "आणि चालू नकोस हं भावा, नीट पळ!"

निकालाच्या दिवशी व्यायामाचे फान सर कुआंगवर कडाडले, "नापास! खोलीतल्या मित्रांकडून शीक जरा!"

तिघांनी नम्रपणे माना डोलावल्या.



कुआंगचा स्वतःचा मोबाइल धावण्याच्या त्या संध्याकाळी खोलीतच चार्जिंगला लावलेला होता.