मंगळावरची पहिली भिंत

अटाकामाच्या वाळवंटात विद्यापीठाचा रोबोट मंगळावर घर बांधायची तालीम करत होता. सुटे दगड हेरायचे, उचलायचे, रचायचे. भिंत कमरेएवढी झाली, तेव्हा विद्यार्थिनी येसेनियाला कळलं की दगड टेकाडामागच्या जुन्या खाणकामगारांच्या कबरींवरून येताहेत. पत्र्याच्या फुलांची माळ रोबोटने कचरा म्हणून बाजूला टाकली होती. येसेनियाने ती उचलली. "सर, ही माणसं आहेत." "होती," ओसांदोन सर कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाले. "शंभर वर्षांत कुणी फिरकलंय? भिंत बघ कशी ओळंब्यात येतेय." वर्गातली बाकीची पोरं फिदीफिदी हसली. रोबोट पुढच्या कबरीकडे वळला. ती पाळण्याएवढीच होती. येसेनिया मध्ये जाऊन बसली, तसा तो थबकला. जिवंत माणूस दिसला की थांबायचं, एवढं तिनेच त्याला शिकवलं होतं. "ऊठ गं, ऊन चाललंय," सर खेकसले. "पदवी नकोय का?" "तुमच्या सहीची नको."