बिघाड कुणाबरोबर गेला

बिघाड शोधायची रीत सोपी. मशीनच्या कंट्रोलरमधल्या शेजारच्या दोन सर्किट-कार्डांची अदलाबदल करायची. बिघाड कार्डाबरोबर गेला तर कार्ड खराब, जागेवरच राहिला तर वायर खराब. देवाच्या न्यायासारखा सरळ हिशोब!

कारखान्यातल्या पत्रा दाबायच्या प्रेसच्या कंट्रोलरवरचा, बिघाड दाखवणारा लाल दिवा मात्र कशालाच बधेना. त्या प्रेसनं एका कामगाराचा हात चिरडला होता, आणि ‘सेफ्टीची वायर इलेक्ट्रिशियननंच काढली’ असं सांगून कुणीतरी साहेबांचे कान भरले होते. आज बिघाड सापडला नाही, तर इलेक्ट्रिशियनची नोकरी गेलीच.

मदतीला मेहुणा होता, बायकोचा सख्खा भाऊ. “दाजी, मी असताना तुमच्या केसाला धक्का लागणार नाही. थांबा, चहा आणतो.”

तो गेला आणि दिवा हिरवा झाला. तो आला आणि दिवा लाल.

“मला बघून लाजतोय की काय हो तुमचा दिवा?”

इलेक्ट्रिशियनचं हसू ओठांवरच राहिलं. “मेहुणे, पुन्हा एकदा बाहेर जा बघू.”

गेला, हिरवा. आला, लाल.

“साहेबांना माझं नाव तुम्हीच सांगितलंत?”

मेहुण्यानं चहाचा ग्लास हळूच खाली ठेवला आणि तो निघून गेला. दिवा हिरवा झाला.

इलेक्ट्रिशियनला गलबलून आलं. कळलं एकदाचं, देवा! आता घरी जावं, बायकोजवळ बसून मन मोकळं करावं. जगात तेवढं एक माणूस तरी आपलं आहे.

मागं दार वाजलं. डोळ्यांसमोर दिवा लाल झाला.

“आता काय राहिलंय, मेहुणे?” त्यानं वळून न बघताच विचारलं.

“अहो, मी आहे,” डबा पुढे करत बायको अगदी मायेनं म्हणाली. “आधी दोन घास खाऊन घ्या.”