स्वतःहून बंद केले

ऑफिसच्या भिंतीवरच्या पडद्यावर महिन्याची रेघ हिरवीगार होती. रुग्णवाहिका बोलावायचं अ‍ॅप. हजारातल्या नऊशे नव्याण्णव हाका पोचल्याच पाहिजेत, हे त्यांचं लक्ष्य. पोचल्या होत्या.

"ये, मापवाली! बघ, तू रजेवर असताना मान खाली घालायची वेळ येऊ दिली नाही," हाकांचं मोजमाप ठेवणाऱ्या तिला एकजण हसत म्हणाला आणि एकदम गप्प झाला. रुग्णवाहिकेची वाट बघत तिचे वडील गेले, त्याला तीनच आठवडे झाले होते.

तिने साहेबांपुढे कागद सरकवला. अकरा ओळी. सगळ्या एकाच दिवसाच्या, एकाच नंबरवरून, तिच्या आईच्या. प्रत्येक ओळीपुढे एकच शेरा: ग्राहकाने स्वतःहून बंद केले.

"या अकरा न पोचलेल्यांत धरा."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "दहा सेकंदांच्या आत माणसाने अ‍ॅप बंद केलं, तर ते आपलं अपयश नाही. नियम तूच केलायस, पोरी."

"मीच. मला वाटलं, मन बदललं म्हणून बंद करत असतील."

"अकरा धरल्या तर तशा सगळ्याच धराव्या लागतील. किती आहेत?"

"या एका महिन्यात चार हजार."

कुणीतरी खुर्ची मागे सारली, पुन्हा पुढे ओढली.

"पुढच्या बैठकीत बघू," साहेब हळूच म्हणाले. कागद आला तसा तिच्याकडे परत गेला.

ती बाहेर जिन्यात येऊन बसली. फोन वाजला. आई.

"विचारलंस का गं? काय म्हणाले? माझं काही चुकलं का?"

"नाही गं आई."

"तू शिकवलंस तसंच केलं बघ. फोनवरची चकती नुसतीच फिरत राहिली की बंद करायचं, पुन्हा उघडायचं. एका हातात यांचा हात, दुसऱ्यात फोन. बंद कर, उघड. बंद कर, उघड."

तिने कठडा घट्ट धरला. काचेपलीकडे रेघ तशीच हिरवी, कुणी नुकतंच पाणी घातल्यासारखी.

फोनमधून पुन्हा आईचा आवाज आला.

"अकरा वेळा केलं गं. बाराव्यांदा केलं असतं, तर पोचलं असतं का?"