डबल बेल

न्हाणीघराचं दार नुसतं लोटलेलं होतं. बाहेर हेमलताबाई टॉवेल घेऊन उभ्या होत्या. नवऱ्याच्या उजव्या अंगावरून वारं गेल्यापासून सात महिने अंघोळ त्याच घालत होत्या. "आता त्यांचं त्यांना करू द्या," फिजिओथेरपीच्या बाईंनी बजावलं होतं.

आज रघुनाथराव एकटे आत गेले, ते नियम घालूनच. एसटीत तीस वर्षं कंडक्टर होते ते. तांब्याचा एक टोला म्हणजे थांबा, आत ये. दोन म्हणजे डबल बेल, गाडी चालू दे.

पाण्याचा आवाज थांबला आणि तांब्या फरशीवर आदळला. एकदाच.

"अहो?" हेमलताबाईंचा हात दाराला लागला.

"येऊ... नको." शब्द जड होते, पण आवाज जरबेचा. "सुटला. उजव्यातून."

उजव्या हातात तांब्या धरायला सांगितलं कुणी, हे ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं. हात मागे घेतला. आत तांब्या फरशीवर घासत राहिला, घरंगळला, पुन्हा घासला. टॉवेलचा पीळ त्यांच्या बोटांत रुतला.

मग दोन टोले पडले. इतके हलके, की डाव्या हाताचे असणं शक्यच नव्हतं.